बॉनेटच्या आतला हिरवा

बाबा, या महिन्याच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता, नांदगाव पेठेच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये तुमच्या जीपचं बॉनेट आतून घासून कोरं करण्यात आलं. मी पोचले तेव्हा पेंटर त्यावर पाण्याचा शेवटचा मग ओतत होता. वार आणि वेळ आधी लिहिली, कारण तक्रार अशीच लिहायची असते, हे तुम्ही मला ज्या शाळेत घातलंत तिथल्या सिस्टरांनी शिकवलं. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, तेव्हा मधलं सगळं सांगावं लागेल. तुमच्या मागे ती जीप अकोल्याच्या घरामागे पत्र्याखाली उभी होती. तुमच्या धाकट्या चिरंजीवांना आता ती जागा मोकळी हवी आहे. "ताई, भंगारवाला पाहून गेला, उद्या घेऊन जाते म्हणे," असं त्यानं फोनवर सांगितलं, जणू जुना कूलर द्यायचा आहे. मी ट्रक करून ती अमरावतीला आणली. आता ती माझ्या अंगणात उभी राहणार आहे, रस्त्यावर धावणार नाही, आणि म्हणून मी ठरवलं की तिला तिचा मूळचा रंग द्यायचा.

मूळचा रंग म्हणजे फौजेचा. तुम्ही फौजेत अशाच जीपा चालवल्यात आणि सुटून आल्यावर लिलावात निघालेली एक विकत घेतलीत. खासगी गाडीला फौजी हिरवा चालत नाही म्हणून तुम्ही अंगणात बसून बाहेरचा हिरवा खरवडून काढलात आणि ब्रशनं तिला निळा रंग दिलात. मग तिच्यावर भाड्यानं माणसं वाहिलीत, सरकीची पोती वाहिलीत, चांदूर रेल्वेपर्यंत फेऱ्या मारल्यात. पण बॉनेटची आतली बाजू तुम्ही रंगवली नाहीत. आई म्हणाली, एवढा डबा उरला आहे तर आतूनही मारा. तुम्ही म्हणालात, "आतून कोन पायते?" मी पाहत होते, बाबा. थंडीत ती सुरू व्हायची नाही. मी शाळेचा गणवेश घालून लाकडी खोक्यावर उभी आहे, हातात बॅटरी आहे, तुम्ही इंजिनात कोपरापर्यंत हात घातला आहे, आणि माझ्या डोक्यावर ते बॉनेट छतासारखं उघडं आहे. मला इंजिन बघायचं नसतं. मी हळूच उजेड वर नेते, त्या हिरव्यावर. "कावून वं पोरी, उजेड मले पायजे का त्या पत्र्याले?" मी बॅटरी खाली करते. थोड्या वेळानं पुन्हा वर. मग तुम्ही बॅटरी काढून घेता, स्वतःच्या दातांत धरता आणि मला म्हणता, जा, बस पुढच्या सीटवर, मॅडम. एवढी बोलणी खाल्ली त्या रंगासाठी, तर तो मला पाठ असायला हवा की नको?

पेंटरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बाहेरचा निळा काढ, गंज काढ, पण बॉनेटला आतून हात लावू नकोस. तो चाळिशीचा माणूस, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या रंगवतो, हात चांगला आहे. आमचं वाजलं ते चमकेवरून. मी म्हटलं, फौजेच्या गाडीला चमक नसते, उन्हात चमकली तर लांबून दिसेल. तो म्हणाला, "बाई, आता कोन गोळी मारून राहिलं तुमाले? चमक नाई मारली त लोक म्हनतीन, यानं थिनरच जास्त टाकलं." मी म्हटलं, लोकांना माझा पत्ता दे. तो हसला आणि कबूल झाला. रंग मात्र माझा मीच आणायचा होता, कारण त्याच्याजवळ हिरव्याचे दोनच प्रकार होते, ट्रॅक्टरचा आणि मशिदीचा. हे त्याचेच शब्द. तो स्वतः शुक्रवारी नमाजाला जाणारा माणूस आहे, म्हणून त्याला ते शोभलं.

सोमवारी मी बसनं अकोल्याला गेले. रंगाच्या मोठ्या दुकानात धाकटाही आला. दुकानदारानं शेडकार्ड पसरलं, आणि त्यात हिरवे किती असावेत! मी एकावर बोट ठेवलं, यानं चार घरं सोडून दुसऱ्यावर. याचा मातकट, शेणाकडे झुकणारा. "ताई, थो असाच होता. तुझ्या नव्या डोळ्यानं तुले सारं निळं दिसून राहिलं." दोन महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्याचा हा टोमणा. मी म्हटलं, तू तेव्हा रांगत होतास, तुला त्या गाडीचे टायर तेवढे दिसले असतील. दुकानदार आमच्याकडे बघत चहा संपवत होता. शेवटी म्हणाला, "झगडा कायको, आपा? नाखून जितना टुकडा लाके देव. मशीन देखके बना देगी." एवढंच? मला तिथल्या तिथे इतकं हलकं वाटलं की मी धाकट्याला समोरच्या हॉटेलात आलूबोंडा खाऊ घातला. बॉनेटच्या आत, बिजागरीजवळ, धूर न लागलेला एक पट्टा मी बघून ठेवला होता. मंगळवारी सकाळी जायचं, तो पट्टा खरवडायचा आणि पुन्हा अकोल्याची बस धरायची.

बाकी तुम्हाला कळलंच असेल. "तुला नको म्हटलं होतं ना?" मी विचारलं. ओरडलेच असेन. पेंटर हात पुसत उभा राहिला. "बाई, आतून गंज लय होता. म्या म्हटलं, वरतून येवढा खर्चा करून राहिल्या अन् आतून सडून राहिली. याचे पैसे नाई घेनार म्या तुमच्यापासून." त्याला वाटत होतं मी खूश होईन. फुकट, माझ्या भल्यासाठी, सकाळी लवकर येऊन त्यानं तो एकुलता एक खरा पत्रा पाणी मारून मारून घासला होता. मी वाकून नालीतला गाळ बघितला. त्यात बाहेरून काढलेला निळा होता, गंज होता, अस्तराचं तांबडं होतं, आणि सगळं मिळून राखाडी झालं होतं. रंगाचा नमुना यातूनच न्यायचा होता, असं मी सांगितलं तेव्हा त्यानं मान खाली घातली, मग एकदम वर केली. "मंग तुमीच सांगा ना कसा होता. पिवळ्यात काळा टाकला का फौजी हिरवा येते. टाकत जातो, तुमी थांब म्हना, थांबतो. तुमी त पाह्यला आहे." मी पाहिला आहे, बरोबर. मी म्हटलं, तू कालवून आण, मी बघून सांगते.

तेव्हापासून माझ्या खिडकीत पत्र्याच्या पट्ट्या वाळत आहेत. तो रोज संध्याकाळी नवीन रंग कालवून आणून देतो, बिचारा आता गुन्हेगारासारखा वागतो. ओला असतो तेव्हा वाटतं, हाच. वाळला की गडद होतो आणि परका होतो. उजव्या डोळ्यानं पाहिला तर थंड, कोरा, एखाद्या कार्यालयाच्या कपाटाचा वाटतो. तो झाकून डाव्यानं पाहिला, ज्यात मोतीबिंदू अजून पिकतोच आहे, तर पिवळसर दिसतो, आणि मग क्षणभर तुमची मान दिसते, वाकलेली, घामेजलेली. डॉक्टर म्हणतात, खरा रंग उजवा डोळा दाखवतो. मग डाव्यानं पाहिलं की तुम्ही का दिसता? आणि धाकट्याचा मातकटच खरा असला तर? त्याच्यापुढे हरायला माझी हरकत नाही, म्हणजे आहे, पण ती निभावेन. भीती वेगळीच आहे. एकदा का ती गाडी पूर्ण रंगवून अंगणात उभी राहिली की मी रोज सकाळी उठून तिला बघणार. महिन्याभरात तोच रंग जुना होईल. मग मी डोळे मिटले तरी खोक्यावर उभी राहून त्या चुकीच्या हिरव्याकडे बघत असेन, तुम्ही त्याच्याखाली वाकलेले असाल, आणि मला कळणारही नाही की काही बदललं आहे. तशीच निळी ठेवली असती तर बरं झालं असतं, असं आज दुपारपासून वाटतं आहे. पण निळाही आता उतरला. पत्रा उघडा आहे आणि पेंटर म्हणतो, रविवारपर्यंत काहीतरी लावावंच लागेल, हवा लागून राहिली.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, त्यामुळे ते टेबलावरच राहील. एक गोष्ट पेंटरला सांगितली नाही, धाकट्याला तर नाहीच नाही. बॉनेटच्या बिजागरीजवळचा तो हिरवा पट्टा मी पहिल्यांदा बघितला तेव्हाही मला ओळखीचं काही वाटलं नव्हतं. हाच असणार, असं मी स्वतःला समजावलं होतं. तर आता तुम्हीच सांगायचं. रंग नेमका कसा होता, पिवळ्याकडे की काळ्याकडे, एवढंच. तोंडी सांगितलेलं मी धरणार नाही, स्वप्नात येऊन तर मुळीच सांगू नका, मला सकाळी काही आठवत नाही. उत्तर लेखी हवं, आणि शनिवारी सकाळी अकराच्या आत हवं. अकराला पेंटर डबा उघडणार आहे.