सात नंबरची रहिवासी

२९ सप्टेंबर

दारावरच्या घंटीखाली माझं नाव चिकटवलं. वर 'मिमोझा होटेल', आणि त्याखाली जरा लहान अक्षरांत — नोर्मा लेंचोनी. छपाईवाल्याने विचारलं, "दवाखाना काढताय का?" म्हटलं, घर.

त्याआधी पालिकेत जाऊन अर्ज दिला. खिडकीतली मुलगी म्हणाली, "होटेलात राहतात ते पाहुणे, सिन्योरा." म्हटलं, बाळ, नियम वाच. माणूस जिथे खरोखर राहतो ते त्याचं घर. तिने वाचला. ओठ हलवत, सबंध. मग शिक्का मारला. आता पालिकेचा पोलीस न सांगता येणार आणि मी खरंच इथे राहते का ते बघून जाणार.

जुन्या घरमालकाच्या पोरांनी मी जागा सोडल्याचं पालिकेला केव्हाच कळवून टाकलंय. तिथे आता रोज नवी माणसं उतरतात; दाराशी किल्लीची डबी टांगली आहे, आकडे फिरवा आणि आत या. शहराच्या जुन्या तटाच्या आत वर्षाच्या भाड्याने खोली मिळत नाही, मिळते ती रात्रीच्या भावाने. म्हणजे हा अर्ज फसला की लुक्का शहराच्या रहिवाशांच्या यादीतून मी पुसली जाणार. डॉक्टर गेला, मत गेलं. जन्मभर या शहराच्या बातम्या लिहिल्या, आणि शेवटचा पत्ता मुलाचा, दूच्चोचा — मिलानच्याही पलीकडे, बसच्या शेवटच्या थांब्यावर.

नाही जायचं.

३० सप्टेंबर

नाव काढलेलं. दुसरं लावलं. छपाईवाल्याकडून डझनभर करून घेतली आहेत.

३ ऑक्टोबर

आज सबीना समोरासमोर बोलली. बरं झालं. होटेल तिच्या बापाचं, ओत्तोरीनोचं, चालवते ती. ओत्तोरीनो आणि मी एका चर्चमध्ये धडे गिरवले, एकाच पाद्र्याच्या छड्या खाल्ल्या. बायको गेल्यापासून तो सबीनाकडे राहतो, तटाबाहेरच्या नव्या इमारतीत. सकाळी सायकलवरून येतो, काउंटरमागे बसतो, संध्याकाळी परत.

"नोर्मामावशी, तुम्हाला आम्ही हिवाळ्यापुरतं ठेवून घेतलं होतं."

"कुठला हिवाळा ते ठरलं नव्हतं."

"चेष्टा नकोय. एक कंपनी हे होटेल विकत घेतेय. त्यांना रिकामं हवंय. तुमचं नाव इथे लागलं की कोण हात लावेल?"

"कोणी लावू नये म्हणूनच."

ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी सांगा यांना."

ओत्तोरीनो किल्ल्यांचा गुंता सोडवत होता. गुंता कसला, चार किल्ल्या. "माझ्याकडे बघू नका गं. मी फक्त किल्ल्या देतो."

८ ऑक्टोबर

बाहेर पडले नाही. पोलीस आला नाही.

९ ऑक्टोबर

आजही नाही. तटावरची झाडं पिवळी पडायला लागली असणार. दर ऑक्टोबरला तटावरून एक फेरी मारायची आणि त्यावर एक लेख पाडायचा, ही माझी नोकरीतली सवय. यंदा खिडकीतून समोरच्या घराचं गटार बघते. त्यावरही लेख होईल. चार वाजता पान छपाईला जातंय म्हटलं की कशावरही होतो.

१४ ऑक्टोबर

पोलीस येऊन गेला!

मी न्हाणीघरात होते, मजल्याच्या टोकाला, केसांना साबण. खाली सबीनाने त्याला सांगितलं, "इथे कोणी राहत नाही. पाहुणे येतात, जातात." त्याने ते लिहून घेतलं आणि गेला.

मला हे संध्याकाळी कळलं. ओत्तोरीनो घरी जायच्या आधी वर आला. हातात बेदाणे-बडीशेपेचा पाव, कागदात गुंडाळलेला. दारातच उभा.

"अगं, मी काही बोललो नाही," तो म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

पाव टेबलावर ठेवला आणि गेला. मी खाल्ला नाही. मग अर्धा खाल्ला.

१५ ऑक्टोबर

त्या पोलिसाला गाठलं. नाव बारसाक्की. दोन शब्द बोलला आणि कळलं — शेजारच्या पिसा शहराचा! आमच्याकडे म्हणतात, दारात पिसाचा माणूस येण्यापेक्षा घरात मढं परवडलं. मी म्हणूनच टाकलं. तो खुर्चीत मागे रेलला. "देव तुमची इच्छा पुरी करो, सिन्योरा." त्यांचं ठरलेलं उत्तर. म्हणजे माणूस बरा आहे.

"मला जे सांगण्यात आलं ते मी लिहिलं," म्हणाला.

"आमच्या धंद्यात एकाच बाजूचं ऐकून लिहिलं की दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागायचा."

"मग छापू खुलासा. येतो पुन्हा."

"केव्हा?"

"सांगून आलो तर बघायचं काय राहिलं?"

२१ ऑक्टोबर

आला. मी घरात, केस कोरडे, पलंग आवरलेला, खिडकी पुसलेली. सबीना जिन्यात हाताची घडी घालून उभी. आत येऊन त्याने सावकाश सगळीकडे नजर फिरवली.

"ही चादर?"

"होटेलची."

"भिंतीवरचं चित्र?"

"होटेलचं."

कपाट उघडून दाखवलं. तीन झगे, एक कोट. त्याने वाकून पलंगाखाली बघितलं. बॅग तिथेच होती, पट्टे बांधलेली.

"सिन्योरा, माझी बायको आठवडाभर समुद्रावर जाते तेव्हा याहून जास्त सामान नेते."

मी पायाने बॅग आत सरकवली.

"मी आज काहीच लिहीत नाही," तो म्हणाला. "अर्जाची मुदत संपायच्या आत आणखी एकदा येईन. तेव्हा मात्र जे दिसेल ते लिहीन."

जिन्यात सबीनाने त्याला कॉफी विचारलेली ऐकू आली. त्याने घेतली नाही.

२२ ऑक्टोबर

बारसाक्कीचं बरोबर आहे. याचा राग येतो. सबीना खोटं बोलली म्हणून मी तणतणले, आणि ही खोली आठ महिने तिचीच री ओढते आहे. भांडते रहिवाशासारखी, राहते मात्र उद्याची गाडी पकडायची असल्यासारखी. खोकी सगळी दूच्चोच्या तळघरात. तीही मीच नेऊन ठेवली — 'तात्पुरती'. वरवर नाही म्हणत होते, आणि बॅगेचे पट्टे काही सोडले नाहीत.

पट्टे सोडले. बॅग कपाटावर टाकली, रिकामी.

दूच्चोला फोन केला.

"खोकी पाठव."

"आई, कुठे? त्या खुराड्यात? इथे तुझी खोली तयार आहे. बाल्कनी आहे, लिफ्ट आहे."

"बाल्कनीतून काय दिसतं?"

"पार्किंग," तो म्हणाला. खोटं बोलता येत नाही पोराला. माझ्यावर गेलाय.

"खोकी पाठव. पातेल्यांचं आधी."

२९ ऑक्टोबर

चित्रकथांची जत्रा, माणसं त्यातल्या पात्रांच्या वेशात. सबंध शहरात पंख, शिंगं आणि पुठ्ठ्याच्या तलवारी. कुठे डोकं टेकवायला जागा नाही, आणि सबीनाने माझी खोली गेल्या वर्षीच देऊन ठेवलेली — बेर्गामोच्या दोघांना. "पाच दिवस मुलाकडे जा, मावशी. परत या. मी शब्द देते."

गेले आणि नेमका तेव्हा तो पिसावाला आला तर? दाराला आतून कडी घालून बसले.

दुपारी ते दोघे आले. चिलखत घातलेले, एकाच्या हातात शिरस्त्राण, दुसऱ्याच्या डोक्यावर. दार वाजवलं. उघडलं.

"आजी, ही सात नंबर ना?"

"हो. माझं घर आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "मग आम्ही झोपायचं कुठे?"

मला त्यांची दया आली, हे इथे लिहिते. तिथे दाखवली नाही. सबीना खालून ओरडत होती. मग ओत्तोरीनोचा आवाज आला, "पोरांनो, खाली या. काउंटरमागे माझी खोली आहे. मी दुपारी तिथे डुलकी काढतो. चिलखत मात्र बाहेर ठेवा, आत मावणार नाही."

सबीना म्हणाली, "बाबा!"

त्यावर तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

५ नोव्हेंबर

शिंगं, पंख सगळं गेलं. खोकी आली. होटेलचं चित्र उतरवून बाहेर ठेवलं. खिळे ठोकले. पुस्तकं, बापाचं घड्याळ, मुरंबा ढवळायचा लाकडी कालथा. खोली एवढीशी झाली. पलंगाकडे अंग चोरून जावं लागतं. चादर माझी.

सबीना आता 'सिन्योरा लेंचोनी' म्हणते. सहा वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून टंकयंत्र बडवायची.

११ नोव्हेंबर

काल घेवडा भिजत घातला. आज सकाळी विजेची छोटी शेगडी लावली. कांदा, गाजर, सेलरी, तेलात मंद. डुकराची चरबी बोटभर. मग घेवडा, मग खपली गहू. वास आधी जिन्यात गेला, मग खाली, मग बहुतेक रस्त्यावर.

सबीना धापा टाकत वर आली. "खोलीत स्वयंपाक करायला बंदी आहे. दारामागे पाटी आहे."

"वाचली. 'पाहुण्यांना विनंती' असं लिहिलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं असेल असं मला वाटलं. ती माझ्या खोक्यावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "चौदा वर्षांची होते तेव्हापासून या खोल्या झाडतेय मी. पलंग उचलून उचलून कंबर गेली. एकही रविवार घरी बसले नाही. तुम्हाला शहर हवंय. मला रविवार हवाय."

मी पातेलं ढवळत राहिले. तिच्या म्हणण्यात खोट नव्हती. आणि तरी मी शेगडी बंद केली नाही. हे दोन्ही लिहून ठेवते.

तेवढ्यात बारसाक्की. टोपी काखेत. दारात थांबून त्याने वास घेतला, मग डोकं आत घातलं. घड्याळ बघितलं, खिळे बघितले, खोक्यावर बसलेली सबीना बघितली. पातेल्यात डोकावला.

"घेवडा कधी भिजवलात?"

"काल संध्याकाळी."

"चरबी जरा कमी झालीये."

"पिसाच्या माणसाला घेवड्यातलं काय कळतं?"

तो हसला. मग सबीनाकडे वळून, अगदी सभ्यपणे म्हणाला, "सिन्योरा, उद्या निघणारा माणूस आज घेवडा भिजत घालत नाही." आणि भिंतीला कागद टेकवून लिहिलं. टेबलावर जागाच नव्हती.

वाडगा पुढे केला. कामावर असताना खात नाही म्हणाला. पावाचा तुकडा बुडवून खाल्ला. ते खाण्यात धरत नसावेत. सबीनालाही दिलं. नको म्हणाली. खाली गेली.

ओत्तोरीनोला वाडगाभर नेऊन दिलं. त्याने काउंटरमागेच बसून खाल्लं. वाडगा पावाने पुसून परत दिला.

१९ नोव्हेंबर

झालं. नोर्मा लेंचोनी, लुक्का, तटाच्या आत, मिमोझा होटेल, खोली सात. दूच्चोला फोन केला. "आता काय, राहा त्या खुराड्यात," म्हणाला, आणि मग, "ख्रिसमसला मी येऊ का तिकडे?" ये म्हटलं. काउंटरवर खोली मिळेल, सांगून ये.

तटावर पूर्ण फेरी मारली. पानं गळून गेली आहेत. यंदाचा लेख राहिला.

२४ नोव्हेंबर

कंपनीचा माणूस आला होता. चकचकीत बूट. मी जिन्यातून उतरत असताना त्याचं बोलणं कानावर पडलं, सबीनाशी आणि ओत्तोरीनोशी. दबक्या आवाजात नव्हे. म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही असं या लोकांना वाटतं.

"एकच आहे ना? वय किती? मग काही अडत नाही. बाकीचं घर आत्ता घेऊ. एका म्हातारीसाठी आम्ही थांबू शकतो."

थांबा म्हणावं. माझी आई सत्त्याण्णव वर्षांची होऊन गेली, आणि तीसुद्धा जिन्यावरून पडून.

वर येताना बघितलं, सबीना खाली मान घालून उभी होती. ओत्तोरीनो त्या माणसाच्या बुटांकडे बघत होता.

२७ नोव्हेंबर

ओत्तोरीनो सकाळी सायकल घेऊन पालिकेत जाऊन आला. त्याने अर्ज दिलाय — मिमोझा होटेल, खोली आठ. सबीनाला अजून सांगितलेलं नाही. दुपारपासून तो पलीकडे पलंग सरकवतो आहे. बारसाक्की येईल तेव्हा शेजाऱ्यांना विचारेल, हा इथे राहतो का. मजल्यावर शेजारी मी एकटीच.