नूरजहां फुप्पीच्या रांगेत

मी, अरसलान वाहेद शेख, वय तेवीस, राहणार देऊळघाट, जिल्हा बुलढाणा, कॉलेज अर्ध्यात सोडलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझं डोकं गरम आहे असं सगळे म्हणतात. गरम म्हणजे बिघडलेलं नव्हे, हे टायपिंगवाल्या कारभारीकाकांनी मान्य केलं आहे.

हृदयाच्या झडपेचं दुसरं ऑपरेशन नागपूरला आहे. पहिल्या वेळी डॉक्टर माझ्याशी हसून बोलले होते. या वेळी त्यांनी अब्बांना बाजूला नेलं.

१. मोटारसायकल. शरीयतप्रमाणे मला तिसऱ्या हिश्शापुरतंच लिहून देता येतं, म्हणजे पुढचं चाक आणि हँडल. बाकी अब्बा-अम्मींचं. गाडी विकावी आणि माझा हिस्सा बंद पडलेल्या वेड्यांच्या दवाखान्यामागच्या कब्रस्तानाच्या कुंपणाला लावावा. तिथं आम्ही पोरं-पोरी रविवारी बेशरमाची झाडं तोडायचो, पडलेल्या पाट्या उभ्या करायचो. ते रुग्ण बिननावाचे पुरलेले. हिंदू कोण, मुसलमान कोण, कोणाले माहीत! सिमेंटच्या पाटीवर काळ्या रंगात फक्त नंबर.

२. कुदळ, विळा आणि सब्ज्याचं बी कोकिळाताईला. ती प्रत्येक कबरीवर हळदकुंकू वाहायची, मी आमच्यात कबरीवर लावतात तसा सब्जा लावायचो. "दोघायपैकी एकाचं तरी पोचंन," म्हणायची. सब्जा बकऱ्यांनी खाल्ला. तिनं पुन्हा लावावा. बकऱ्या पुन्हा खातील, हेही मला माहीत आहे.

३. राजकुमारला काही नाही. पाट्या फोटोत चमकाव्या म्हणून त्यानं संडास धुवायचं ॲसिड आणलं. सगळ्यांनी हौसेनं घासलं. पाट्या पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि एका रांगेचे नंबर फेसासोबत वाहून गेले. त्या रांगेत सत्तावीस नंबर होता, नूरजहांचा, माझ्या अब्बांच्या फुप्पीचा, म्हणजे आत्याचा. लग्नानंतर तिला झटके यायला लागले. सासरच्यांनी तिला दवाखान्यात टाकलं, आणि आमच्या घरच्यांनी गावात सांगितलं की ती वारली. खरंच वारली तेव्हा कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती. लहानगे अब्बा तेवढे आजोबांसोबत मातीला गेले होते. तो नंबर त्यांनी जन्मभर लक्षात ठेवला. आता ते टोकाला उभे राहून अख्ख्या रांगेवर फातिहा पढतात.

मी राजकुमारच्या कानाखाली मारली. तो म्हणे, "मले काय मालूम बे! तूबी त घासूनच राह्यला होता." हे खरं होतं, म्हणून आणखी एक मारली.

४. आलिमा. मी पहिल्यांदा तिथं तिच्यासाठी गेलो. मेलेल्यांशी मला काही घेणंदेणं नव्हतं. मारामारी सोडवताना ती ओरडली, "अरसलान, तुले बी इथंच गाडा लागते!" त्यानंतर ती आली नाही. मग हळूहळू कोणीच आलं नाही. तिचं लग्न जालन्याला ठरलं आहे. मोबाईलमधले तिचे फोटो अम्मीनं न बघता पुसावेत. माझ्या मातीला तिला बोलावू नये. स्वतःहून आली तर अडवू नये. येणार नाही.

५. माझी मय्यत. मला गावच्या कब्रस्तानात नेऊ नये. नंबर पुसलेल्या त्याच रांगेत, शेवटच्या रिकाम्या जागी पुरावं. आलिमा बोलली म्हणून नाही. थोडं तेही आहे. पण खरं कारण वेगळं आहे. त्या जागेवर आता गाड्या उभ्या करायचं घाटत आहे. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "इथं येतं कोण?" एकट्या अब्बांचं नाव सांगितलं, ते त्यांनी लिहूनही घेतलं नाही. माझी कबर असली तर अम्मी येईल. अम्मी रडायला लागली की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तिच्यासमोर जेसीबी घालणं त्यांना जड जाईल.

अब्बांना हे सांगितलं तर म्हणाले, "येड्यायच्यात काऊन जाऊन राह्यला बे?"

मी म्हणालो, "आपल्या नूरजहांजवळ."

मग ते टोपी घालून त्या रांगेकडे निघाले. याला मी होकार समजतो.

परवानगी मिळणार नाही, असं कारभारीकाका म्हणतात. मलाही तसंच वाटतं. न मिळाल्यास निदान पाटी तरी त्या रांगेत लावावी. रंग नको, छिन्नीनं खोल कोरावी. आधी नूरजहांचं नाव, खाली माझं. जागा चुकीची असली तरी अब्बांना कुठं उभं राहायचं ते कळेल.

ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्ष करू नये, असं काका म्हणाले. म्हणून काकांसोबत राजकुमारच उरला. सही करताना त्यानं विचारलं, "पाटी कोण आणीन?" मी त्याला सहीची जागा दाखवली. तो म्हणाला, "मी आणतो."

लिहून देणार : अरसलान वाहेद शेख (सही)

साक्षीदार :
१. राजकुमार कडूबा सुरडकर (सही)
२. कारभारी तेजराव जाधव (सही)

ठिकाण : देऊळघाट
दिनांक : १४ डिसेंबर २०२५