कार्डिफहून यायचा कागद

७ मार्च २००५, सोमवार
कार्डिफ युनिव्हर्सिटीची माणसं झोपलीत की काय. आमची मीनल म्हणते, तीन आठवडे झाले मागून. एक कागद, चार ओळी. पोरीची डिग्री जॉइंट ऑनर्स, अर्धी हिस्ट्री अर्धी पॉलिटिक्स. टीचर ट्रेनिंगवाले म्हणतात, हिस्ट्री शिकवायची तर निम्मी डिग्री तरी हिस्ट्रीची हवी, शेवटच्या वर्षी पॉलिटिक्स जास्त दिसतंय, युनिव्हर्सिटीकडून लिहून आणा. २१ पर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्याला. तीन वर्षं शिकवलंत, मग काय शिकवलं ते सांगायला काय होतं?

९ मार्च, बुध.
कारखान्यात विमानातल्या जेवणाच्या ट्रेमध्ये सॅलड भरून बोटं गारठली. शेजारून कुंदाताई, "झाली का गं तुझी टीचर?" संक्रांतीच्या हळदीकुंकवात मीच सगळ्यांना सांगितलं होतं. आता रोज विचारतात. घरी येऊन मीनलला म्हटलं, फोन लाव. "आई, इथे असं मागे लागत नाही कोणी." मग कसं लागतात? ह्यांचं नेहमीचं, "येईल गं." ह्यांना सुटलेली बससुद्धा येईलच वाटते.

११ मार्च, शुक्र.
सुट्टी. कोणाला न सांगता कोचने, लांबच्या बसने, कार्डिफ गाठलं. डिपार्टमेंटच्या ऑफिसात एक बाई, गळ्यात चष्मा. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सुनावलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मुलीबद्दल तुमच्याशी बोलता येत नाही, नियम आहे. पण असला कागद कोणी मागितला की आम्ही त्याच दिवशी पाठवतो.
म्हटलं, तीन आठवडे झाले मागून.
ती उठून किटलीकडे गेली. चहा घेणार का विचारलं. नको म्हटलं.
परत येताना डोळा लागला नाही.

१२ मार्च, शनि.
कार्डिफचं काढलं नाही. सकाळी सहज विचारलं, परत ईमेल केलीस? "केली ना. तीनदा." टोस्टला बटर लावत होती. लावतच राहिली.

१३ मार्च, रवि.
मीनलला सांगून टाकलं, मी कार्डिफला जाऊन आले.
"यू डिड व्हॉट?"
मग जिन्यातच बसली. मागितलंच नव्हतं तिने. फेब्रुवारीत आठवडाभर शाळेत शिकवणं बघायला गेली होती ना, तिथे सरांनी दहा मिनिटं वर्ग हातात दिला. "सगळी पोरं माझ्याकडे बघत होती आणि माझं तोंडच उघडेना, आई."
म्हटलं, मग तेव्हाच सांगायचं.
"तू सगळ्यांना सांगून बसली होतीस."
मी उठले. भांडी घासली, घासलेलीच परत.

१४ मार्च, सोम.
अर्धी रात्र विचार केला. दहा मिनिटांत कोणाचं तोंड उघडतं? मला इथे दुकानात ब्रेड मागायला वर्ष लागलं. हे तिला सांगितलं. "ते वेगळं," म्हणाली. असेल.
नको असेल तर नको. कुंदाताईला मी बघून घेईन. पण कागद आला नाही म्हणून राहिलं, असं मी कोणाला सांगणार नाही. हवं असेल तर ईमेल तिनेच करायची, मी खुर्ची ओढून शेजारी बसणार नाही.
हेही ऐकवलं. "बघू," म्हणाली.
बघू नाही. शुक्रवारी सहाला मी कामावरून येते. चपला काढायच्या आत सांगायचं. हो, नाहीतर नाही.