पाला कडू लागला म्हणून

चंद्रपूर, श्रावण

लोकेंद्र,

तुले आशीर्वाद आहेच, पण आज आधी माझा राग वाचून घे. फोनवर बोलली असती तर तू मधेच कापला असता, म्हणून लिहून राहिली.

मी इथं बरी आहे. वार्डात पेशंट वाढले, ड्युटी लांबते, एवढंच.

धानाच्या बांधीत मायले साप चावला आन् तू तिले दवाखान्यात न्यायचं सोडून मंतर मारून विष उतरवणाऱ्या बैगाच्या दारात बसवलं. त्यानं कडुलिंबाचा पाला चघळायले दिला. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर नाही. मायले कडू लागला. म्हणजे त्याच्याच हिशोबानं विष नव्हतं. मग मंतर मारून त्यानं उतरवलं तरी काय?

माणूस वाचला तर मंतरानं वाचला, मेला तर आणायले उशीर झाला. असा बैगा चुकणार तरी कसा? ज्याले चुकताच येत नाही, त्याच्यावर भरोसा काऊन ठेवला? तू तर शाळेत पोरांले विज्ञान शिकवतो.

मायच्या पायाची सूज उतरली काय? जेवते ना बरोबर?

मागच्या हप्त्यात आमच्या वार्डात मण्यार चावलेली एक बाई आणली. घरच्यांनी तिलेही पाला चघळवला होता, आन् मग निश्चिंत बसून राहिले. ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.

तिलेही पाला कडूच लागला होता, लोकेंद्र.

हे मायले वाचून दाखवू नको.

तुझी ताई,
भूमेश्वरी