मार्नीच्या गालांवरील लाल रंगाबाबत

प्रति,
मा. विभागीय शिक्षण संचालक,
दक्षिण किनारा विभाग,
पोर्ट एल्डन.

विषय : टॅलाविडी प्राथमिक शाळेच्या जलतरण दिनी माझ्या धाकट्या बहिणीस पाण्यात उतरू न दिल्याबाबत व त्यावरील एकमेव उपायाबाबत.

संदर्भ : १) आहारतज्ज्ञांची चिठ्ठी, दि. ९ फेब्रुवारी. २) जलतरण दिन नियमावली, नियम ४. ३) आपल्या कार्यालयाकडून अद्याप न आलेली तीन उत्तरे.

महोदया,

सर्वप्रथम कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, शाळेच्या उपाहारगृह समितीच्या प्रमुख श्रीमती व्हेर्ना पिल्बीम यांनी अकरा वर्षांच्या सेवेनंतर गेल्या मंगळवारी राजीनामा दिला. कारण 'वैयक्तिक' असे नमूद आहे. ते वैयक्तिकच आहे. ती व्यक्ती मी. तथापि असा कोणताही राजीनामा झालेला नाही असे धरून पुढील मजकूर वाचावा, अन्यथा आपले कार्यालय 'तक्रार निकाली' असा शेरा मारून मोकळे होईल.

१. माझी बहीण मार्नी क्रॅडॉक, वय नऊ, इयत्ता चौथी, हिला एडीएचडी आहे. डॉक्टरांचे औषध सुरू आहे. त्याला जोड म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिले की, खाण्यातले कृत्रिम रंग आणि पदार्थ टिकवण्यासाठी घातलेली द्रव्ये तीन आठवडे बंद करून पाहावीत. फरक दिसला तर पुढचे ठरवू, न दिसल्यास सोडून द्यावे. चिठ्ठी चार ओळींची होती. चौथी ओळ : 'फार ताण घेऊ नका.' आईने ही चिठ्ठी शाळेत नेऊन दिली. या प्रकरणात आमच्या कुटुंबाकडून झालेली चूक ती एवढीच.

२. पिल्बीमबाईंनी चिठ्ठी प्लास्टिकमध्ये मढवून, मार्नीच्या फोटोसह, उपाहारगृहाच्या खिडकीला टांगली. मग त्या खाली स्वहस्ते भर घालू लागल्या. दुसऱ्या दिवशी टोमॅटो सॉस. पाचव्या दिवशी स्ट्रॉबेरी. पुढच्या आठवड्यात 'बर्फाचा रंगीत गोळा खाणाऱ्याच्या शेजारी बसणे'. चार ओळींच्या एकवीस झाल्या. वर्गात कोणाचा वाढदिवस असला आणि फेअरी ब्रेड वाटला जाऊ लागला (लोणी लावलेल्या पावावर रंगीत साखरदाणे; याखेरीज इथे वाढदिवस झाला असे कोणी मानत नाही), की मार्नीची रवानगी वाचनालयात, हातात एक सोललेले पेअर (नासपती) देऊन. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठीत पेअरचे नावही नाही. प्रयोगाचा निकाल विचाराल तर, मार्नीला झोप किंचित बरी लागते असे आईचे म्हणणे. मार्नीच्या मते ती आईला बरी लागते.

३. मार्नीचे लक्ष वर्गात एकाच वेळी पंखा, खिडकी, बुटाची नाडी आणि पुढच्या मुलीची वेणी एवढ्या ठिकाणी कामावर असते. पाण्यात ते एकाच ठिकाणी असते. "टीग, पाण्यात डोक्यात एकच जण बोलतो," असे तिने मला सांगितले आहे. नोव्हेंबरपासून तिने रोज सराव केला आणि लाल गटाच्या रिले शर्यतीत शेवटची फेरी मिळवली. आजवर तिला शाळेत मिळालेल्या गोष्टींत, ओरडा वगळता, ही पहिलीच.

४. शुक्रवार, दि. २७ फेब्रुवारी. नियम ४ नुसार प्रत्येक स्पर्धकाच्या चेहऱ्यावर आपापल्या गटाच्या रंगाचे झिंक (उन्हापासून बचावाचा जाड रंगीत लेप) फासलेले असणे बंधनकारक आहे. मार्नी रांगेत गाल पुढे करून उभी राहिली. झिंकचा डबा पिल्बीमबाईंच्या हाती.

"हिला नाही," त्या म्हणाल्या. "ही ओठ चाटते. लाल रंग पोटात गेला तर जबाबदार कोण?"

मी प्रेक्षकांतून पुढे होऊन म्हणाले, मग तशीच पोहू दे. त्यावर, "हे बघ पोरी, बिनरंगाचं पोहता येत नाही. नियम मी केलेले नाहीत." नियमावलीखाली 'टंकलेखन व मसुदा : व्हे. पिल्बीम' असे छापलेले आहे. मी धावत घरी जाऊन बीट किसून आणले. त्यांनी यादी काढून बोट ठेवले. बीट, ओळ सतरा. मुख्याध्यापक श्री. हार्गन शिट्टी तोंडात धरून उभे होते. त्यांनी ती काढून "व्हेर्नाला विचार" एवढे सांगितले आणि परत घातली.

शर्यत झाली. लाल गट तिसरा आला. मार्नी पोहण्याच्या कपड्यांत, टोपीसकट, बाकावर बसून होती. तिने मला विचारले, "टीग, मी पांढऱ्या गटात आहे का?" पांढरा गट नाही, महोदया. लाल, निळा, पिवळा, हिरवा एवढेच आहेत.

५. एप्रिलमध्ये मी पालकसभेला तक्रार करण्यास गेले. आमच्याकडे सभेला जो जातो त्याच्या गळ्यात पद पडते, म्हणून कोणी जात नाही. हजर पाच जण. मी पालक नाही, वीस वर्षांची आहे आणि बेकरीत काम करते, हे सांगायला तोंड उघडण्यापूर्वीच माझी 'आहार नियमपालन अधिकारी' म्हणून एकमताने निवड झाली. हे पद पिल्बीमबाईंनीच त्यांच्या यादीसाठी निर्माण केले होते. अनुमोदनही त्यांचेच : "घे गं बाई, कोणीतरी हवंच होतं."

मी पद निष्ठेने सांभाळले. भेदभाव नको म्हणून एकवीस ओळी सर्वांना लागू केल्या. पहिल्या आठवड्यात टोमॅटो सॉस जप्त. शनिवारच्या सॉसेजच्या स्टॉलवर अग्निशमन दलाचा एक स्वयंसेवक कोरडे सॉसेज हातात धरून बराच वेळ उभा होता, मग घरी गेला. दुसऱ्या आठवड्यात बर्फाचे गोळे आणि सरबते. तिसऱ्या आठवड्यात पिल्बीमबाईंचे स्वतःचे, नारळाचा कीस लावलेले गुलाबी लॅमिंग्टन केक, ज्यांना कृषी प्रदर्शनात सलग सहा वर्षे पहिले बक्षीस आहे. चौऱ्याऐंशी नग मी पोच घेऊन परत केले व त्यांच्या हातात एक पेअर ठेवले. सोललेले. खिडकीवर मार्नीच्या फोटोशेजारी त्यांचाही फोटो लावला, कारण त्या केक करताना बोट चाटतात हे तीन साक्षीदारांनी लिहून दिले आहे.

"टीगन, हा सूड आहे," त्या म्हणाल्या.

"नाही बाई, ही ओळ चौदा आहे," मी म्हणाले.

त्यानंतरचा मंगळवार आपणांस पहिल्या परिच्छेदात कळविला आहे व तो घडलेला नाही.

६. प्रामाणिकपणे नमूद करते की, मला फार बरे वाटले. साधारण दोन दिवस. बातमी मार्नीला सांगितली तेव्हा तिने फक्त विचारले, "मग शर्यत परत घेणार?" तीन आठवडे कधीच संपले, चिठ्ठी बाद झाली, ती हवे ते खाते. पण त्या शुक्रवारपासून ती पाण्यात उतरलेली नाही. टोपी पलंगाखाली आहे. विचारले तर म्हणते, "माझं लक्ष नाही गं त्यात." पिल्बीमबाई पदावरून गेल्या, मार्नीचे हे वाक्य मात्र अजून आमच्या घरात आहे.

सबब नम्र विनंती की, शुक्रवार, दि. २७ फेब्रुवारी २०२६ हा दिवस विशेष बाब म्हणून पुन्हा घेण्यात यावा. त्या दिवशी वारा सकाळी जसा होता तसाच ठेवावा. मार्नीचे वय नऊ वर्षे तीन महिने इतकेच असावे व मधल्या अकरा आठवड्यांतले तिला काहीही आठवत नसावे. पिल्बीमबाईंनी चौथ्या लेनच्या टोकाशी, चारही रंग तोंडाला फासून, कोरडा टॉवेल हातात धरून उभे राहावे, आणि मार्नी भिंतीला हात लावेपर्यंत त्यांना बसण्याची परवानगी देण्यात येऊ नये.

उत्तराच्या प्रतीक्षेत व मागे न हटणारी,
टीगन क्रॅडॉक
(आहार नियमपालन अधिकारी, पुढील निवडणुकीपर्यंत)
टॅलाविडी, दि. १४ मे २०२६