शेवटच्याचं पाणी

६ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे! यांबाचा समुद्र सोडल्यापासून गाडीत बसून हाडं खिळखिळी झालीत, पण मी खूश आहे. चाळिशीला टेकल्यावर दुसरं लग्न करून मेंढ्यांच्या माळावर निघालीस, म्हणून मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं होतं. काढा! इथे पत्र्याचं ऐसपैस घर आहे, व्हरांडा आहे, रॉससारखा शांत नवरा आहे. माझी जोसी गाडीतून उतरली ती थेट मागच्या लिंबोणीवर चढली. सहा वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं?

आणि बाथरूम! चार वाकड्या पायांवर उभा असलेला बिडाचा टब, आत पांढरं इनॅमल, साखळीला बांधलेलं बूच. यांबाला आमच्याकडे नुसता शॉवर होता. रॉस म्हणाला, तू माझ्याशी नाही, माझ्या टबाशी लग्न केलंयस. जेवताना सासूबाईंनी भाजलेलं मटण वाढलं आणि नियम सांगितले. ऊना त्यांचं नाव. नियम दुष्काळात सगळीकडे असतात तेच. संध्याकाळी टब एकदाच भरायचा, तोही आतल्या अंगाला इनॅमलचा टवका उडालाय तिथपर्यंतच. आधी जोसी, मग मी, मग रॉस, सगळे त्याच पाण्यात. बूच काढायचं नाही. सकाळी बादलीनं पाणी लिंबोणीला घालायचं. त्या स्वतः घमेल्यात पाणी घेऊन अंग पुसून काढतात. मी म्हटलं, बरं.

जोसीला लगेच खेळ सापडला. ती बसली की पाणी चढतं आणि टवका बुडतो, उठली की पुन्हा दिसतो. टवका बुडाला, मी आहे, टवका दिसला, मी नाही, असं ओरडून तिनं घर डोक्यावर घेतलं.

९ नोव्हेंबर
काल बाथरूमला हात घातला. काय ती अवस्था! फरशांच्या फटी काळ्या पडलेल्या, नळाखाली क्षाराची पुटं. खायचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन बसले, फटींना जुना टूथब्रश लावला. फिनाईल आणायला निघाले तर सासूबाईंनी अडवलं, संडासाच्या टाकीतले मैला कुजवणारे किडे मरतात म्हणे. त्यांचंच ऐकलं. दुपारपर्यंत टब असा लखलखला की रॉस पायताण बाहेर काढून आत आला.

आणि आज सकाळी बघते तर टबाला तांबड्या मातीची जाड रेघ! तिडीक गेली डोक्यात. रॉसला म्हटलं, अंग धुतलंस की वावर धुतलंस? शपथेवर सांगतो म्हणे, आपण निघताना पुसून निघालो. घासणारी बाई आहे ना घरात, मग कोण कशाला पुसतंय!

१४ नोव्हेंबर
रोज रेघ. रोज मी गुडघ्यावर. आज घासणी रॉसच्या टॉवेलच्या खुंटीला अडकवली आणि टॉवेल कोंबड्यांच्या खुराड्यात टाकला. तो खुराड्यातून टॉवेल काढून शेडकडे निघून गेला. बोल ना रे बाबा, भांड तरी!

जोसीनं मात्र एक गोष्ट दाखवली. तिची रेघ टवक्याच्या जरा वर, माझी त्याच्या वर, रॉसची आणखी वर. आणि ही मातीची रेघ पार काठाशी. म्हणाली, आई, हा कुणीतरी रॉसपेक्षा खूप जाडा माणूस आहे. मी तिला गप्प बस म्हटलं. पण पोरीचं खरं आहे. टबात जेवढं मोठं माणूस बसेल, तेवढं पाणी चढणार.

१५ नोव्हेंबर
काल संध्याकाळी रॉसचं झाल्यावर मी स्वतः वाकून सगळ्या रेघा पुसल्या, दाराला बाहेरून कडी घातली. सकाळी कडी जशीच्या तशी, आणि काठाशी चिखल. साधी धूळ नव्हती ती. त्याला तळ्याच्या बुडाचा कुबट वास होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, तो अंगानं मोठाच होता.

मग सगळं सांगितलं त्यांनी. अर्नी, त्यांचा नवरा. मेंढ्यांतून सगळ्यात शेवटी घरी यायचा, शेवटचं पाणी त्याचं. आयुष्यभर यांनी त्याची रेघ घासली. एका संध्याकाळी कंबर मोडलेली, डोकं फिरलेलं, यांनी बूच ओढलं. तो आला, रिकाम्या टबाकडे बघितलं, खांद्यावर टॉवेल टाकून तळ्यावर गेला. तळं आटत आलेलं, वरून पापुद्रा, खाली सगळा गाळ, त्यात तो रुतला. लोकांनी दोर लावून बाहेर काढलं, तोवर गेला होता. त्या दिवसापासून बूच ओढलेलं नाही, आणि तो येतो.

रॉसला हे माहीत होतं! त्यांच्या मागे मान खाली घालून उभा होता. बापाची रेघ मी घासत होते आणि हा मला घासू देत होता!

भीती वाटायला हवी होती बहुतेक. मला आली ती चीड. मेल्यावरही एका बाईनं तुझा मळ काढायचा? तुला काय हात नव्हते? संध्याकाळी सासूबाईंच्या डोळ्यांदेखत मी बूच ओढलं. पाणी गुळगुळ करत गेलं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

१६ नोव्हेंबर
टब कोरडा, पांढरा, स्वच्छ! मी चहा करायला गेले.

स्वयंपाकघराचा नळ सताड उघडा. अंगणातला उघडा. धुण्याचा उघडा. घरच्या पाण्याच्या एकुलत्या टाकीवर थाप मारली तर पोकळ वाजली. बाथरूमपासून प्रत्येक नळापर्यंत मातीची पावलं, वाळून भेगा पडलेली.

रॉस म्हणतो, तुझ्या घासण्यापायीच अर्धी टाकी गेली. माझ्या! टँकरवाल्याला फोन केला. पुढच्या आठवड्याशिवाय जमणार नाही म्हणे, सगळा जिल्हा रांगेत आहे.

१८ नोव्हेंबर
फरशीवर हात उमटतात. मोठाले. कोरड्या फडक्यानं पुसते, पाठ फिरवली की पुन्हा. मी पण पुसते. बघू कोण आधी दमतं.

जोसी म्हणाली, मातीवाल्या आजोबांनी तिला विचारलं, पाणी कुणी सोडलं. तिनं सांगितलं, आईनं. मी ओरडले तिच्यावर. रडली. खोटं बोलायचं नाही, असं तूच शिकवलंस ना, म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं नाही. का नाही घेतलं—

१९ नोव्हेंबर
बस झालं. जोसीला घेऊन यांबाला चाललेय. रॉस पहाटेच ट्रकवर पिंपं लादून गावात पाणी आणायला गेला. मी माझी गाडी सुरू केली. फाटकापर्यंतही गेली नाही, तापून वाफ.

रेडिएटरचं झाकण मातीत पडलेलं. आत थेंब नाही. झाकणावर बोटं— मातीची—

फुलदाणी कोरडी. कुत्र्याचं भांडं कोरडं. इस्त्रीतलं पाणीसुद्धा प्यायला मेला!

पाण्याची एकच बाटली उरलीय. ती जोसीची. तिला हात लावून दाखव तू.

२० नोव्हेंबर, सकाळ
रॉस आला नाही. फोन लागत नाही. जोसी माझ्या कुशीत आहे. सोडणार नाही तिला.

जोसी म्हणते, आजोबांना सापडलं पाणी. तळ्यात, खूप खाली. ते आणणार आहेत. सगळ्यांना पुरेल एवढं. पहिला नंबर तिचा म्हणे. नियमच आहे ना आई.

२० नोव्हेंबर
डोळा लागला. माझाच. दोन रात्री जागी होते— किती वेळ कोण जाणे.

कूस रिकामी.

तिचा झगा स्टुलावर. नीट घडी. चपला शेजारी शेजारी.

टब भरलाय. तांबडं, दाट, बोट बुडवलं तर बोट दिसत नाही. वर कुणी नाही. हाका मारल्या. हात घातला, खांद्यापर्यंत घातला— तळ लागत नाही. एवढासा टब, मी रोज घासलेला, आणि तळ लागत नाही.

पण टवका बुडालेला आहे. पाणी बरोबर तिच्या रेघेवर. म्हणजे ती आहे. आत आहे.

साखळी हातात आली. सासूबाई मागून किंचाळल्या, ओढू नकोस, पाणी गेलं की पाण्यात असेल ते सगळं घेऊन जाईल तो. शेवटचा नंबर त्याचा, त्याचं होऊ दे, मग सोडेल तो तिला. मी म्हटलं, थोबाड फोडीन तुमचं. तुम्ही ओढलंत तेव्हा तुम्हाला अडवायला मी होते का?

पण ओढली नाही. ओढवत नाही. रोज रागानं ओढावंसं वाटायचं, आणि आज—

वही मांडीवर घेऊन लिहितेय. हे लिहिणं थांबलं तर हात ओढेल.

अर्नी, ऐक. मी घासीन. रोज घासीन, आयुष्यभर, तोंडातून शब्द काढणार नाही. दे तिला. ऐकतोयस ना रे मेल्या, दे माझी—

पाणी हललं.

मी ओढलेली नाही. साखळी सैल आहे. बूच जागेवर आहे. तरी पाणी उतरतंय— हळू— कुणी उठल्यासारखं— पण वर कुणीच उठलं नाही—

जोसी?

टवका दिस—