चुकून मधल्या खुर्चीत

करकजवळचं आपलं गाव,
ऑलिव्ह उतरवण्याचे दिवस

आदरणीय दैफल्लाह मामा यांस,

भाचा मुफलिह याचा अदबीचा सलाम. तुमच्या घरादारावर अल्लाहची मेहर असो, गुडघ्यावर जरा जास्त असो. ऑपरेशननंतर तो जिना चढू देतो का, की अजून भिंत धरूनच चालता? मामींचा रक्तदाब, जुमानाची परीक्षा आणि बाल्कनीतलं लिंबाचं झाड (अम्मानच्या हवेत ते टिकायचं नाही असं मी म्हणालो आणि तेवढ्यासाठी तुम्ही ते हट्टाने जगवलंत) सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. आई बरी आहे. तिने तुम्हाला सलाम सांगितलेला नाही. गेली तीन वर्षं ती सांगत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि तिच्या नावाने खोटा सलाम लिहायला माझा हात धजत नाही. असो. तो विषय या पत्राचा नाही.

विषय असा की आपल्या घराण्यातले वडीलधारे मला बैठकीच्या खोलीत तुमच्या खुर्चीवर बसायला सांगताहेत. कोणाचं लग्न ठरवायला, कोणाचं भांडण मिटवायला आपल्या वडीलधाऱ्यांची जाहा निघाली, की सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम मी करावं म्हणतात. हसू आवरलं की पुढे वाचा. तुमच्या परवानगीशिवाय मी त्या खुर्चीला हातही लावणार नाही. फोनवर विचारणार होतो, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुमचं चौथं सुरू झालेलं असतं (राग मानू नका, सगळा जिल्हा ज्यांचं बोलणं ऐकायला यायचा त्यांना गप्प बसायची सवय कुठून असणार?), म्हणून लिहितोय.

मी आजवर काय काय करून पाहिलं ते तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही, कारण दरवेळी तुम्हीच मला नव्या धंद्याला लावलंत आणि दरवेळी तुम्हीच म्हणालात की मला वाटलंच होतं. मेंढ्यांचा ट्रक चालवला, तर मेंढ्या उतरवताना मला वाईट वाटायचं. गच्च्यांवर डिश बसवल्या, तर मला उंचीची भीती. मोटार शिकवायचं काम घेतलं, त्यात शिकणाऱ्यापेक्षा मीच जास्त डोळे मिटायचो. मधमाश्या पाळल्या, त्यांना दुसरीकडे बरी जागा मिळाली असावी. चाळिशी आली, लग्न नाही, मूल नाही, त्यामुळे मला कोणी 'अबू अमुक', अमक्याचा बाप, म्हणत नाही, नुसतं मुफलिह म्हणतात, शेजारच्या पोरांना म्हणावं तसं. तुम्ही एकदा भर बैठकीत म्हणाला होतात, "याला बोलायला सांगू नका रे, याला खुर्च्या लावायला सांगा." सगळे हसले, मीही हसलो, आणि मग खरंच उठून खुर्च्या लावल्या. मामा, त्या दिवशी मला लागलं होतं. इतक्या वर्षांनी सांगतोय, पण लागलं होतं.

तर गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाने, रातिबने, मला अम्मानला एका शिबिराला पाठवलं. (तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. आलो नाही, कारण कशाला आलो ते सांगावं लागलं असतं.) हॉटेलच्या तळघरात गालाला माइक चिकटवलेला एक तरुण, उस्ताद लुऐ, आम्हाला स्वतःची खरी ओळख करून देणार होता. त्याने आधी रंगीत चौकोन दाखवून आमचा कल तपासला. माझं उत्तर असं आलं की मी जन्मजात नेता आहे, किंवा मग फुलांचं दुकान काढावं. मग आरशासमोर उभं राहून "मी पर्वत आहे" असं ओरडायचा सराव दिला. घरी येऊन मी तो मोरीत करायला लागलो तेव्हा आईने दार ठोठावून विचारलं, "पोटात दुखतंय का रे?" शिबिरातला आणखी एक नियम मात्र डोक्यात पक्का बसला. कुठल्याही खोलीत शिरताना पहिले शिरा, मान वर ठेवा आणि मधली खुर्ची धरा. उस्ताद लुऐ बिचारा अम्मानच्या कचेऱ्यांसाठी हे सांगत होता. तो कधी कोणाच्या जाहात गेला नसावा.

त्यानंतर रातिबचा तो अपघात झाला. भट्टीजवळच्या वळणावर त्याच्या पिकअपने खालच्या आळीतल्या अबू हायिलच्या मुलाला धडक दिली. हायिलच्या मांडीचं हाड मोडलं. चूक रातिबचीच होती, तो स्वतःही तेच म्हणतो. रातिब कोठडीत, त्याची बायको माहेरी, आई जेवेना. सुरुवातीला आपली माणसं जाऊन तात्पुरता समेट घेऊन आली होती, पण त्याची मुदत सरत आली आणि अबू हायिलने निरोप पाठवला की माफीबिफी काही मिळायची नाही. शेवटची जाहा न्यायची ठरली. ती तुम्हीच न्यायला हवी होती. तुमच्याकडून निरोप आला, "गुडघा." (तेवढाच एक शब्द. तुमच्याकडून इतका छोटा निरोप आला म्हणून लोक घाबरले, की मामांचं काही फार बरंवाईट तर नाही.) मग अबू मुतलक बोलतील असं ठरलं. नगरपालिकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना ऐकायला माणूस मिळालेलं नव्हतं, त्यामुळे ते तयारीत होते. मला फक्त रातिबचा भाऊ म्हणून न्यायचं होतं, मान खाली घालून मागे बसायला.

दुपारच्या नमाजानंतर आम्ही गेलो. अंगणात तंबू, समोरासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि मध्ये आपल्याकडून बोलणाऱ्यासाठी एक गादीची खुर्ची. दाराशी अबू मुतलक डोक्यावरचा रुमाल नीट करायला थांबले. माझी पाचावर धारण बसली होती. पाय लटपटत होते आणि कानात तो गालाला माइक लावलेला माणूस ओरडत होता. पहिले शिरा. मान वर. मधली खुर्ची. मामा, मी शिरलो. बसलो. आपल्या लोकांचे चेहरे बघितले तेव्हा कळलं की मी कुठे बसलोय, पण तोवर अबू हायिलचा भाऊ कॉफीची किटली घेऊन सरळ माझ्यासमोर आला होता. त्याने कप भरून माझ्या हातात दिला. मी तो ओठांशी नेलाच होता (सवय हो, कॉफी दिली की पितो माणूस), इतक्यात मागून अबू मुतलक असे खोकले की मी दचकून कप जमिनीवर ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही एवढं मलाही माहीत आहे. पण ज्याच्यापुढे कप ठेवला त्यानेच बोलायचं, हेही माहीत आहे. आणि तो कप उचलून दुसऱ्यापुढे ठेवायचा म्हणजे यजमानाला सांगायचं, तुम्ही भलत्याच माणसाला मान दिलात. अबू मुतलक कडेच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांचं तोंड आंबलेल्या दह्यासारखं झालं होतं.

तुमचं भाषण मला पाठ आहे. आजोबांच्या घोडीपासून सुरू होतं, मग दुष्काळाचं ते वर्ष, मग दोन घराण्यांनी एकाच विहिरीचं पाणी प्यायल्याची आठवण, आणि मग मागणं. मी "बिस्मिल्लाह" म्हणालो आणि घोडी काही पुढे सरकेना. सगळा तंबू माझ्याकडे बघत होता. मी अबू हायिलकडे बघत होतो. दाढी वाढलेली, डोळे लाल, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. रातिबला सोडवायला आलोय हे मी खरंच विसरलो, आणि तोंडातून निघालं, "रात्री झोपतो का हो हायिल?"

"काय म्हणालास?"

"झोप लागते का त्याला? आमच्या अब्बांचं हाड मोडलं होतं, तेव्हा दिवसा जमायचं कसंबसं. रात्री फार दुखायचं."

तो खुर्चीत पुढे सरकला. मला वाटलं आता हाकलतोय. मग म्हणाला, "नाही झोपत. त्याची आई त्याचा पाय मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसते. ती झोपली की पाय हलतो, म्हणून तीही झोपत नाही." आणि मग तो जो बोलायला लागला मामा, तो थांबेचना. हायिल कसा फुटबॉल खेळायचा, दवाखान्यात कसं कोणी धड उत्तर देत नव्हतं, आणि आपली माणसं पहिल्यांदा आली तेव्हा कशी तासभर आपल्या घराण्याच्या इभ्रतीवर बोलून गेली आणि मुलगा कसा आहे हे एकानेही विचारलं नाही. आज कॉफी तशीच गार होऊ द्यायची आणि सगळ्यांना परत पाठवायचं हे त्याने सकाळीच बायकोला सांगून ठेवलं होतं. मला बोलायला सुचतच नव्हतं, पण ऐकायला मात्र कसली अडचण नव्हती. मध्ये अबू मुतलकांनी घोडी बाहेर काढायचा प्रयत्न केला, तर अबू हायिल म्हणाला, "थांबा हो जरा, आम्ही बोलतोय ना!"

शेवटी त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "तुला काय हवंय?"

मी म्हणालो, "रातिब घरी यायला हवाय. आल्यावर तो आधी इथे येईल आणि हायिलजवळ बसेल. तुम्ही घरात घेतलं नाहीत तर दाराबाहेर बसेल."

"पी कॉफी," तो म्हणाला. मी कप उचलला, तर त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि ओतून दिला. "ही गार झाली. दुसरी ओत रे त्याला." ती पिताना निम्मी कॉफी मी अंगरख्यावर सांडली. आपले लोक रडत होते. अबू मुतलकही रडत होते, अर्थात त्यांचं कारण वेगळं असेल.

रातिब दुसऱ्या दिवशी सुटला. तो अजून रोज संध्याकाळी हायिलकडे जातो. आधी दाराबाहेरच बसायचा, आता दोघं आत पत्ते खेळतात. आणि मला बोलावणी यायला लागली. विहिरीच्या भांडणाला नेलं, मोडत आलेल्या लग्नाला नेलं, दोन भावांच्या मध्ये बसवलं. लोक म्हणतात, तो न बोलणारा मुफलिह आणा. मी जातो, बसतो, जे दुखतंय त्याबद्दल एखादी गोष्ट विचारतो आणि ऐकतो. इतकंच येतं मला. पण मामा, हे मला येतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट करताना मला दुसरीकडे कुठे असावंसं वाटत नाही. आत्मविश्वास म्हणाल तर तो काही आलेला नाही. दरवेळी दाराशी तसेच पाय लटपटतात. फरक एवढाच की आता ते लटपटत असतानाच मी आत जातो. (उस्ताद लुऐला हे कोणाकडून तरी कळलं. शिबिराच्या जाहिरातीत माझा फोटो लावू का म्हणून विचारत होता. हात कमरेवर ठेवून, पर्वतासारखा. मी नको म्हणालो, आणि तेही पहिल्या फटक्यात जमलं.)

तर खुर्चीचं काय करायचं ते कळवा. तुम्ही नाही म्हणालात तरी माझा आदर कमी होणार नाही. मी पहिल्यासारखा खुर्च्या लावीन, कोणी बोलावलं तर उभ्यानेच ऐकून घेईन. मामींना सलाम, जुमानाला आशीर्वाद. तुमच्या आवाजाच्या सावलीत वाढलेला आणि म्हणूनच गप्प राहिलेला,

मुफलिह

ता. क. बसच्या ड्रायव्हरबरोबर नव्या तेलाचा डबा पाठवतोय. पहिल्या घाण्याचं आहे. गुडघ्याला चोळू नका, खा.

आणखी ता. क. वर लिहिलं की तो विषय या पत्राचा नाही. तोच आहे. मामा, येत्या शुक्रवारी नमाजानंतर एक जाहा तुमच्या दारी येतेय. मी घेऊन येतोय. बोलणाऱ्याने आधी कळवायचं नसतं हे मला माहीत आहे, पण तुमच्यासमोर माझं तोंड उघडेल याची खात्री नाही, म्हणून मागणं इथेच लिहितो. तुम्ही सगळ्यांना विचारता, माझ्या बहिणीला झालंय तरी काय, मी तिचं काय बिघडवलं? सांगतो. तीन वर्षांपूर्वी अब्बा गेले तेव्हा तुम्ही मांडवात उभे राहून बोललात. इतकं सुंदर बोललात की परके लोक रडले. मग मंत्री आले, त्यांना पोचवायला तुम्ही रस्त्यापर्यंत गेलात आणि तिथूनच गाडीत बसलात. आत बायकांमध्ये आई बसली होती. तुम्ही येऊन एकदा जवळ बसाल म्हणून दाराकडे तोंड करून बसली होती. तिने शेजारची तुमची जागा रिकामी ठेवली होती, दुसऱ्या कोणाला बसू देत नव्हती. तुम्ही तिला विसरलात असं मला वाटत नाही. मला वाटतं तिच्यासमोर तुम्हाला शब्द सुचले नसते, आणि शब्द न सुचता कुठे जाऊन बसायची तुम्हाला भीती वाटते. त्या भीतीतलं मला थोडंफार कळतं. शब्द लागत नाहीत मामा. नुसतं येऊन बसायचं असतं.

शेवटचं. हे पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, मध्ये दोनदा मला मूर्ख म्हणाली, आणि आता म्हणते की शुक्रवारी तीही येणार. जाहात बायका जात नाहीत असं मी सांगितलं. माझी सगळी कला पणाला लावली, काय दुखतंय ते विचारलं, ऐकून घेतलं, मान डोलावली. ती म्हणाली, "ऐकून झालं ना? मग गाडीत पुढची जागा माझी." सांगितल्याप्रमाणे ती पुढेच बसेल. मला तिला अडवता आलं नाही. तुमचं दार उघडं असू द्या.